गोटुलापासून ग्रामसभेपर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखादा ऐतिहासिक लेख लिहून द्यावा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. अहिल्याबाईंचे घाट किंवा पेशवाईतल्या स्त्रिया असा काही विषय मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. कारण तसे लेख मी पूर्वी दिलेले आहेत. परंतु कार्यकारिणीच्या मागल्या बैठकीत जी चर्चा झाली, ती काही केल्या मनातून जाईना. हळदीकुंकवाला सभागृह भरते, सहलीला जागा पुरत नाही, पण कामाला माणूस मिळत नाही. तरुण सुना-मुली मंडळाकडे फिरकत नाहीत. आपल्यामागे हे सारे कोण चालवणार, अशी ती चर्चा होती. त्या चर्चेत मीही हिरिरीने बोलले. घरी आल्यावर मात्र मला चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली आणि आपण बोललो त्याची थोडी लाज वाटली. ती गोष्ट आणि तिच्या मागेपुढे असलेला इतिहास भगिनींपुढे ठेवावा, असे मी ठरवले. हा इतिहास दूरचा नाही. वैनगंगेचा पूल ओलांडला की जो अरण्यमय गडचिरोली जिल्हा लागतो, तेथला तो आहे.

१९८३ साली मी एटापल्लीच्या बाजूला एका लहानशा प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. माझ्या वर्गात सातवीला एक माडिया मुलगी होती. अंगाने काटक, अक्षर सुरेख. परंतु सकाळी पहिल्या तासाला डुलक्या घेई. चौकशी केली तेव्हा कळले की ती रात्री गोटुलात जाते. मी नवशिकी शिक्षिका, शहरात वाढलेली. गोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी रात्री एकत्र नाचण्याची जागा, एवढेच मी ऐकलेले. मी तिला वर्गापुढे उभे करून बोलले. इतकेच नव्हे, तर पुढच्या आठवड्यात निबंधाला विषय दिला, ‘गोटुल : एक अनिष्ट प्रथा.’ बहुतेक मुलांनी दोन-दोन ओळी लिहिल्या. तिने कोरा कागद दिला.

दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत आली. दाराशी उभी राहिली, आत आली नाही. ती रागावलेली नव्हती. एवढेच म्हणाली, “बाई, तुमच्या साळेत पोरगी तुमचं आयकते. गोटुलात तिचं कोणी आयकते.” आणि निघून गेली. पुढच्या वर्षी ती मुलगी शाळेत आली नाही. त्याला कारणे अनेक असतील. परंतु त्यांत एक कारण मी होते, असे मला आजही वाटते.

मग गोटुल म्हणजे खरोखर काय? गोंड व माडिया लोकांच्या गावात तरुणांसाठी बांधलेले ते सार्वजनिक घर. संध्याकाळी अविवाहित मुले-मुली तेथे जमतात. नाचगाणी होतात हे खरे. परंतु गावाच्या चालीरीती, देवदेवतांच्या कथा, शिकारीचे व शेतीचे नियम, कोणते कंद खावेत व कोणत्या झाडाला हात लावू नये, हे सारे तेथेच थोरांकडून धाकट्यांकडे येते. लग्नघरचे काम असो, कुणाचे घर शाकारायचे असो की गावाला पाहुणे आलेले असोत, गोटुलाची मुले ते काम वाटून घेतात. कोठे मुली रात्री घरी परततात, कोठे राहतात. गावागावांत रीत निराळी असते. गावची बैठकही पुष्कळ ठिकाणी गोटुलापुढेच भरते, त्यामुळे वडीलधारी माणसे निवाडा कसा करतात हे मुलांच्या कानांवर आपोआप पडते. थोडक्यात, ती त्या समाजाची शाळाही होती आणि मंडळही होते. शहाण्यासुरत्या बाहेरच्या माणसांनी त्यातला फक्त नाच पाहिला. त्या माणसांत मीही होते.

गोटुल मोडकळीला येण्याचे एक कारण आमच्यासारख्यांची निंदा. परंतु त्याहून मोठे कारण म्हणजे ज्या जंगलावर ते उभे होते, ते जंगलच गावाच्या हातून गेले. इंग्रजांनी १८६५ साली पहिला वनकायदा केला, १८७८ साली तो अधिक कडक केला आणि १९२७ साली जो कायदा केला तो स्वातंत्र्यानंतरही चालत राहिला. सरकारला रेल्वेच्या रुळांखाली घालायला आणि इमारतींना लाकूड हवे होते. म्हणून जंगल राखीव झाले आणि जंगलात राहणारा माणूस तेथला उपरा ठरला. आमच्या या भागात जमीनदारी होती. गावकऱ्यांना घरासाठी लाकूड, कुंपणाला बांबू, जळणाला काटक्या घेण्याचा जो हक्क होता त्याला ‘निस्तार’ म्हणत. हा मुलूख तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५०च्या कायद्याने तेथील जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारजमा झाले, आणि निस्ताराचे हक्क बहुतांशी कागदावर उरले. पुढे तर बांबूचे जंगल कागदाच्या कारखान्याला दीर्घ कराराने दिले गेले. ज्या गावात सूप-टोपली विणण्यासाठी बांबू तोडणे हा गुन्हा, त्याच गावच्या वाटेने बांबूने भरलेल्या गाड्या जात. वाघाचे भय नसलेला माणूस रखवालदाराच्या खाकी कपड्याला भिऊ लागला. तरुणांपुढे मग दोनच वाटा राहिल्या. एक म्हणजे ठेकेदाराकडे मजुरी, दुसरी म्हणजे गाव सोडणे. काहींपुढे तिसरी वाट बंदुकीची आली. तिने किती घरे उजाड केली हे त्या जिल्ह्यातील माउल्यांना विचारावे.

या अंधारात पहिली ठिणगी पडली ती १९८०नंतरच्या काही वर्षांत. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे बांधण्याचा बेत होता. त्यांत कित्येक गावे आणि उत्तम जंगल बुडणार होते. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात होते आणि खेड्यापाड्यांतून हजारो आदिवासी स्त्री-पुरुष आले होते. धरणे थांबली. पण आंदोलन संपले म्हणजे माणसे घरोघर जातात आणि पुन्हा पूर्वीप्रमाणे चालू होते, असा आपला नेहमीचा अनुभव. धानोरा तालुक्यातील मेंढा या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावाने मात्र तसे होऊ दिले नाही. शेजारच्या लेखा गावाच्या नावाशी जोडून त्याला मेंढा-लेखा म्हणतात.

त्या गावातील देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या दोघांची गाठ पडली. मोहनभाऊ गावात पुढारी म्हणून गेले नाहीत. गाव निर्णय कसा करते याचा अभ्यास करायला गेले. तेथे दोन गोष्टी रूढ झाल्या. पहिली म्हणजे अभ्यासगट. एखादा प्रश्न आला की ज्यांना त्यात गोडी आहे त्यांनी बसून तो समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचे. अभ्यासगटाला निर्णय करण्याचा अधिकार नाही. त्याने जे कळले ते ग्रामसभेपुढे ठेवायचे. दुसरी गोष्ट म्हणजे ग्रामसभेचा निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने करायचा. एकाचाही विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. बैठकीला प्रत्येक घरातून निदान एक पुरुष व एक स्त्री यावी असा संकेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या गावाची. गोंडीत ते म्हणतात, ‘मावा नाटे मावा राज’. ही घोषणा बंडाची वाटते, पण तिचा अर्थ जबाबदारीचा आहे. सरकार आपणच असलो, तर चुकीचे खापर फोडायला दुसरे कोणी उरत नाही.

आणि भगिनींनो, या गावाने आरंभीच जे काम हाती घेतले त्यांत एक होते पडीक गोटुल पुन्हा उभारण्याचे! जंगलातून सागवान आणून ते बांधले. वनखात्याने आक्षेप घेतला आणि बांधलेले गोटुल पाडून टाकले. तेव्हा आजूबाजूची गावे जमली, आणि आम्हीही आपापल्या गावी गोटुल बांधू असे त्यांनी ठरवले. शेवटी गोटुल उभे राहिले. मी निबंधाला ‘अनिष्ट प्रथा’ म्हणून जी गोष्ट दिली होती, तिच्यासाठी कित्येक गावे एकत्र आली, हे मी वर्तमानपत्रात वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

स्त्रियांचा भाग या इतिहासात मोठा आहे, तो आपल्या स्मरणिकेत तरी नीट यायला हवा. पूर्वी बैठकीत पुरुष बोलत आणि बायका मागे बसत. नव्या ग्रामसभेत स्त्रियांनी बरोबरीचे स्थान मागितले, आणि दारूचा प्रश्न लावून धरला. निर्णय घाईने झाला नाही. मोहाची दारू देवाधर्माला लागते, ती कशी बंद करणार, असे पुरुषांचे म्हणणे. त्यावर पुन्हा पुन्हा चर्चा झाली आणि सर्वांनी मान्य केल्यावरच दारूबंदी आली. पुढे १९९३ साली सबंध गडचिरोली जिल्ह्यातच दारूबंदी झाली. तिच्यामागे डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांचे परिश्रम होते, तसा गावोगावच्या बायांचा रेटा होता. जंगलाच्या राखणीतही स्त्रिया उतरल्या. फळझाड तोडायचे नाही, जंगलात अतिक्रमण करायचे नाही, वणवा लावायचा नाही, मध काढताना पोळे जाळायचे नाही, हे नियम गावाने स्वतःस घालून घेतले. मजुरीतील दहावा हिस्सा गावनिधीत टाकण्याचीही रीत पडली.

परंतु केवळ राखण करून पोट भरत नाही. तरुण माणूस गावात राहावा असे वाटत असेल, तर त्याला त्या जंगलावर संसार करता आला पाहिजे. ते दार कायद्याने उघडले. १९९६ साली आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला, आणि २००६ साली वनहक्क कायदा. या दुसऱ्या कायद्याने गावाला आपल्या जंगलाचे रक्षण करण्याचा, व्यवस्था पाहण्याचा आणि गौण वनोपजाची मालकी मिळवण्याचा हक्क दिला, व बांबूला त्या गौण वनोपजात स्पष्टपणे घातले. मेंढा गावाने अभ्यास करून दावा तयार केला. शिवारातील खुणा, जुनी निस्तारपत्रके, म्हाताऱ्यांच्या साक्षी हे सारे जुळवण्यात तरुणांचा हात होता. नकाशा वाचायला तरुण डोळे लागतात आणि ओढ्याचे नाव सांगायला म्हातारे. २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढा आहे.

हक्क मिळाला, पण बांबू विकता येईना. कारण तो बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. बांबू तुमचा, रस्ता आमचा, असा तो प्रकार! १९२७च्या कायद्यात बांबू हे ‘झाड’ होते. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणते. (बिगरजंगल जमिनीवरील बांबू त्या व्याख्येतून बाहेर पडायला २०१७ साल उजाडले.) गावाने हट्ट सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढा गावी आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. ते एक साधे पावतीपुस्तक. पण दीडशे वर्षांचा इतिहास त्यात उलटला होता.

त्यानंतरचे काम घोषणेपेक्षा कठीण होते, आणि तेच तरुणांच्या वाट्याला आले. कोवळा कोंब व पहिल्या वर्षाची काठी सोडून जून काठीच तोडायची, बेट उपटायचे नाही, तोडलेल्या भागाला काही वर्षे विश्रांती द्यायची, हे कोणी पाहायचे? निविदा कोणी वाचायची? मजुरीची हजेरी, बँकेचे खाते, ग्रामसभेचे पॅन कार्ड, व्यापाऱ्याने कापलेला आयकर परत मिळवण्याची खटपट, हे कोणी करायचे? वाडवडिलांना जंगल कळे, पण हे कळत नसे. दहावी-बारावी शिकलेल्या मुलामुलींना हे कळे, पण जंगल पुरते कळत नसे. दोघांना एकमेकांची गरज पडली. बांबूच्या विक्रीची उलाढाल लवकरच कोटीच्या घरात गेली, तरी पैसा कुणा पुढाऱ्याच्या घरी गेला नाही. कारण हिशेब ग्रामसभेपुढे वाचला जाई. २०१३ साली तर गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली.

मेंढ्याचे उदाहरण एकटे राहिले नाही. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. कोरची तालुक्यात ९० ग्रामसभांनी २०१६ साली एकत्र येऊन महाग्रामसभा केली, आणि तीत प्रत्येक गावाने दोन स्त्रिया व दोन पुरुष पाठवावेत असे ठरवले.

त्या भागात माझ्या भाचीची नोकरी होती, म्हणून २०१८च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तेंदूपानांचा हंगाम चालला होता. पहाटे बाया जंगलात जात, दुपारपर्यंत पुडे बांधत आणि संध्याकाळी फळीवर आणून मांडत. सत्तर पानांचा एक पुडा, अशा हजार पुड्यांची एक गोणी. फळीवर विशीतली एक मुलगी वही घेऊन बसली होती. व्यापाऱ्याचा माणूस एका म्हातारीचे काही पुडे कमी पानांचे म्हणून बाजूला सारू लागला. मुलगी उठली, त्यातला एक पुडा सोडला आणि सर्वांदेखत पाने मोजली. सत्तर भरली. दुसरा सोडला, त्यात तीन कमी निघाली. “आजी, यात तीन कमी आहेत, हा उद्या भरून आण. बाकीचे मी लिहिते,” असे म्हणून तिने वहीत आकडा लिहिला. व्यापाऱ्याचा माणूस गप्प झाला, आणि म्हातारीही काही बोलली नाही. मी भाचीला विचारले, ही कोण? ती म्हणाली, “गावचीच. ग्रामसभेनं हिशेब तिच्याकडे दिलाय.” मला एकाएकी माझ्या वर्गातली ती मुलगी आणि तिची आजी आठवली. गोटुलात तिचं कोणी आयकते! या मुलीचेही कोणी ऐकत होते, म्हणून ती तेथे होती.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. कोठे हक्काचा कागद आला पण जंगलाची व्यवस्था करणारी माणसे तयार झाली नाहीत. कोठे व्यापाऱ्यांनी पैसे थकवले. कोठे ग्रामसभेच्या हिशेबावरून गावातच फळी पडली. तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून आग लावण्याची जुनी खोड अजून काही ठिकाणी जंगलाला नडते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर याच कारणास्तव तेंदूपानांचे उत्पन्नच सोडून दिले व बांबूवर भर दिला. बांबूचे उत्पन्न हंगामी असते. वर्षभराचे काम त्यातून सुटत नाही. मोबाइल आणि मोटारसायकल यांची ओढ तेथल्या तरुणांनाही आहे, व पदवी घेऊन बाहेर गेलेला मुलगा परत येईलच असेही नाही. तरीपण जेथे काम खरे आहे आणि अधिकारही खरा आहे, तेथे तरुण माणसे थांबतात, एवढे मी पाहिले आहे.

आता आपल्याकडे वळते. आपण मुलींना मंडळात बोलावतो ते कशाला? रांगोळीला, स्वागतगीताला, चहाचे पेले फिरवायला. ठराव आपण करतो, सूचक-अनुमोदक आपणच, वही आपल्याच कपाटात. मग त्या येत नाहीत याचे आश्चर्य ते काय? मी वर्गात त्या मुलीला जे केले, तेच आपण येथे करीत आहोत. त्यांनी आपले ऐकावे एवढेच आपल्याला हवे असते. त्यांचे कोणी ऐकावे अशी सोय आपण केलेली नाही. मेंढ्याच्या गावकऱ्यांनी तरुणांना नेतृत्वाचे व्याख्यान दिले नाही. त्यांच्या हाती नकाशा, पावतीपुस्तक आणि हिशेबाची वही दिली, चुकले तर चारचौघांत विचारले, आणि आपण बाजूला बसून राहिले.

म्हणून मी एक सूचना करते, आणि ती प्रथम स्वतःला लागू करते. गेली चौदा वर्षे मंडळाची खजिनदार मी आहे. “तुमच्याइतका चोख हिशेब कोण ठेवणार?” असे आपण दरवर्षी म्हणता आणि मीही सुखावून वही पुन्हा घरी नेते. यंदाच्या वार्षिक सभेत ती वही मी टेबलावर ठेवणार आहे. ती तिशीच्या आतल्या कुणा भगिनीने उचलावी. पहिल्या वर्षी तिची बेरीज चुकेल. माझीही चुकली होती, तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी ती सभेत वाचून दाखवली होती व मग मला शिकवली होती. कार्यकारिणीच्या निम्म्या जागा तरुणींना द्याव्यात आणि त्यांनी केलेला ठराव आपण ऐकावा. आवडला नाही तर विरोध करावा, पण ऐकावा.

लेख लांबला, त्याबद्दल चिटणीसबाईंची क्षमा मागते. माझ्या हातून एका मुलीचे जे झाले ते आता दुरुस्त होण्यासारखे नाही; ती असेल तेथे आजी झालेली असेल. निदान आपल्या अंगणातल्या मुलींच्या बाबतीत तरी ते पुन्हा घडू नये. मंडळाला उदंड आयुष्य लाभो आणि पुढच्या वर्धापनदिनाचा अहवाल नव्या हस्ताक्षरातला असो, हीच या प्रसंगी मनापासून इच्छा.